गुरे कोणाची, पीक कोणाचे आणि कायदा कोणाचा?

खेड्यातील भांडणांची कारणे मोजायला बसलो तर ती एका हाताच्या बोटांवर संपतात. बांध, पाणी, रस्ता आणि गुरे! शेजाऱ्याचा बैल दावे तोडून पिकात शिरला, शेळ्यांनी तुरीचे शेंडे कुरतडले, कुत्र्याने करडू धरले, एवढ्या कारणावरून सकाळी शिवीगाळ होते, दुपारी डोकी फुटतात आणि संध्याकाळी प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. शहरात स्थिरावलेल्या आमच्या सुशिक्षित बांधवांना हे वाद क्षुल्लक वाटतात. ढोरांवरून कसले भांडता, असे ते गावाकडच्या भावाला फोनवरून सुनावतात. पण ज्याच्याकडे दीड-दोन एकर कोरडवाहू आहे, त्याच्यासाठी उभे पीक म्हणजे वर्षाची भाकर, मुलीच्या शिक्षणाचा खर्च आणि बचत गटाचा हप्ता असतो. चार गुरांनी एका रात्रीत ते तुडवले तर त्या घराचे वर्ष तुडवले जाते.

हा विषय आम्ही येथे घेतो आहोत, कारण गुरांचा वाद हा वरून जरी शेजाऱ्या-शेजाऱ्यातला दिसत असला, तरी गावात तो कोणाच्या बाजूने सुटणार हे जनावर ठरवत नाही, जात ठरवते. जनावराला जात कळत नाही. त्याला हिरवे दिसले की ते तोंड घालते. जात कळते ती त्याचे दावे सोडणाऱ्याला आणि त्याची तक्रार ऐकून घेणाऱ्याला.

एकाच जातीचे, एकाच तोलामोलाचे दोन शेतकरी असले की हे भांडण कसे मिटते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याचे जनावर तो येतो, चूक झाली म्हणतो, पायली-दोन पायली धान्य देतो किंवा नुसता चहा पाजतो. खोडकर जनावराच्या गळ्यात लोढणे बांधतो, गुराख्याला दम देतो. दोघांनाही उद्या एकमेकांचा बैल पेरणीला लागणार असतो, म्हणून दोघेही वाकतात. शेजारधर्म म्हणतात तो हाच. त्याच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. आज तुझे नुकसान मी भरले नाही, तर उद्या माझे नुकसान तू भरणार नाहीस.

आता त्याच बांधाच्या पलीकडे बौद्ध शेतकरी असला तर काय होते? तो तक्रार घेऊन वाड्यावर गेला की त्यालाच विचारले जाते, कुंपण का घातले नाहीस? राखण का केली नाहीस? जनावर ते, त्याला काय समजते? नुकसानीचे नाव काढले तर माजलास म्हणतात. इथे शेजारधर्माचा हिशेब चालत नाही, कारण ज्याला आपल्याकडून काहीच लागत नाही किंवा जे लागते ते दमदाटीने मिळते, त्याने वाकावे कशाला? समता नसेल तर शेजारही नसतो, हे आमच्या लोकांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

वकिली करताना आमच्यापुढे अशी प्रकरणे येतात, त्यांचा साचा जवळपास ठरलेला असतो. पहिल्या रात्री गुरे येतात, माणूस गप्प बसतो. दुसऱ्यांदा येतात, तो जाऊन हात जोडतो. तिसऱ्यांदा येतात तेव्हा त्याला कळते की ही चुकून आलेली नाहीत, कारण बोराटीचे काटे बाजूला ओढून वाट मोकळी केलेली असते. मग तो जनावरे धरतो. गावचा कोंडवाडा बघावा तर भिंती पडलेल्या, फाटक नाही, रखवालदार नाही. तेवढ्यात मालक दहा माणसे घेऊन येतो, जनावरे सोडवून नेतो आणि जाताना जातीवरून बोलून जातो. आपला माणूस ठाण्यात पोहोचण्याच्या आधी तिथे त्याच्याविरुद्ध अर्ज पडलेला असतो, की याने आमची गुरे चोरली, गाईला कुऱ्हाड मारली. त्याच्या तक्रारीची मात्र अदखलपात्र म्हणून एका ओळीची नोंद होते. आणि साहेब विचारतात, आधी सातबारा दाखव!

या साच्यातील प्रत्येक पायरीवर कायदा काही सांगतो. तो काय सांगतो हे समजून न घेता आपण एकतर सोसतो किंवा हात उचलतो. दोन्हींत नुकसान आपलेच होते.

दुसऱ्याच्या पिकात गुरे घालणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट नवी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४२५ मध्ये आगळिकीची व्याख्या होती आणि ती समजावण्यासाठी जी उदाहरणे दिली होती, त्यातले एक नेमके हेच होते. दुसऱ्याच्या पिकाचे नुकसान व्हावे या हेतूने, किंवा ते होईल हे माहीत असून जो त्याच्या शेतात गुरे सोडतो, त्याने आगळीक केली असे समजावे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आगळिकीचे कलम आता ३२४ झाले, गुन्हा तोच राहिला. नुकसान वीस हजार रुपयांच्या पुढे गेले तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत जाते. म्हणजे नुकसानीचा आकडा कागदावर येणे किती महत्त्वाचे आहे ते पाहा. 'पीक खाल्ले' एवढेच लिहून घेतले तर प्रकरण तिथेच मरते.

दुसरा कायदा कोंडवाड्याचा. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. ज्याच्या शेतात गुरे शिरून नुकसान करतात, तो शेतकरी, मग तो मालक असो वा नुसता कसणारा, ती गुरे धरू शकतो आणि चोवीस तासांच्या आत त्याने ती कोंडवाड्यात पाठवावी, असे त्यात सांगितले. धरलेली गुरे जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवून, जाहीर करून, पुढे लिलाव. आणि एवढे होऊनही नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क शाबूत. पुढे ग्रामपंचायती आल्या आणि कोंडवाडा चालवणे हे त्यांचे काम झाले. कायदा पुरेसा जुना आहे आणि पुरेसा स्पष्टही आहे.

पण त्याच कायद्यातील एक गंमत वाचकांनी लक्षात घ्यावी. गुरे कोंडवाड्यात घालण्याखेरीज मालकाला थेट दंड करण्याचे जे कलम त्यात होते, ते मुळात फक्त डुकरांच्या मालकांसाठी होते. गाई-बैलांच्या मालकांना ते लावायचे तर सरकारने वेगळी अधिसूचना काढायची! डुकरे कोण पाळत होते आणि गाई-बैल कोणाच्या दावणीला होते, हे आम्ही सांगायला नको. कायदा सर्वांना सारखा असतो म्हणतात, पण तो लिहिताना कोणाचे जनावर डोळ्यांपुढे होते, हे त्याच्या कलमातच दिसून येते.

आणि जनावर व आपण, यांचे नाते या देशात साधे कधीच नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत होती, त्याने ते बाटत नव्हते, माणसाच्या ओंजळीने मात्र बाटले! गावची हद्द दाखवणे, पाटलाच्या हुकमाने धावणे आणि मेलेली गुरे ओढणे ही महारांची वतनी कामे. महाडनंतर आमच्या वाडवडिलांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, त्यासाठी बहिष्कार सोसले, उपास काढले. १९५८ च्या कायद्याने वतनेही गेली. गावाने ते मनातून मान्य केले का? मेलेले ढोर ओढायला जो येत नाही, त्याच्या पिकात जिवंत ढोर घालायचे, ही वृत्ती आजही अनेक गावांत शाबूत आहे.

१९३० साली मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने अहवाल दिला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी आपले हक्क वापरायला सुरुवात केली की गावातले वरिष्ठ लोक आपल्या आर्थिक ताकदीचे शस्त्र कसे उपसतात, जमिनी काढून घेतात, काम बंद करतात, नेहमीची वाट अडवतात, हे त्या अहवालात नोंदलेले आहे. शंभर वर्षे होत आली. शस्त्रे तीच आहेत. पिकात गुरे सोडणे हे त्यातलेच एक. ते स्वस्त आहे आणि पकडले गेले तरी 'जनावर सुटले' म्हणून हात झटकता येतात.

हे शस्त्र सर्वांत जास्त चालते ते गायरानावर. मराठवाड्यातील आमच्या वाचकांना याचा इतिहास पाठ आहे. १९५३ पासून मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाले. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा लढा उभा राहिला, हजारोंनी तुरुंग पाहिला. त्या रेट्यातूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. मराठवाड्यात अॅड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून हा प्रश्न वस्ती-वस्तीत नेला. तरीही कितीतरी कुटुंबे अशी आहेत, की तीन पिढ्या जमीन कसतात आणि सातबाऱ्यावर नाव नाही. पीक उभे आहे, पण कागदावर नाही. मग गुरांनी खाल्ले तर कागदावर काय खाल्ले?

गावाचा युक्तिवाद तयार असतो. गायरान गुरांसाठी आहे, आमची गुरे तिथे चरणारच! ऐकायला हे बिनतोड वाटते. पण २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा असा जो आदेश दिला, त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेनुसार जमीन दिली असेल, तर ते वेगळे. निकालाचा पहिला भाग अधिकाऱ्यांना तोंडपाठ आहे, अपवाद कोणी वाचत नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय आला तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या आणि वस्त्यांची झोप उडाली. ज्या गायरानावर सौर प्रकल्पांचे पत्रे उभे राहतात, ज्यावर पुढाऱ्यांच्या संस्थांच्या इमारती उभ्या आहेत, तिथे गुरांच्या चराईची आठवण कोणाला होत नाही. ती होते आमच्या दोन एकर हरभऱ्याजवळ आल्यावरच! आणि समजा, अतिक्रमण बेकायदेशीर आहे. तरी ते काढण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, नोटीस देऊन, म्हणणे ऐकून घेऊन. गावातल्या कोणा दांडग्याच्या बैलाला तो अधिकार कोणी दिला?

असे वाद कुठवर जातात, हे आम्ही दोनदा पाहिले आहे. एप्रिल २०१० मध्ये हरियाणातील हिस्सार जिल्ह्यात मिर्चपूर गावी दलिताचे कुत्रे जाट तरुणांवर भुंकले. एवढेच कारण! २१ एप्रिलला वस्ती पेटवली गेली आणि एक वृद्ध बाप व त्याची अपंग मुलगी जळून मेली. २४ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तेहतीस जणांना दोषी ठरवले. भुंकणारे कुत्रे हे निमित्त होते, दलिताचे कुत्रे भुंकले हा अपराध होता. त्याआधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद आधीपासून धुमसत होता. चार जणांची क्रूर हत्या झाली. आणि २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या तेव्हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र कोणालाही दोषी धरले नाही, २०१० साली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. यातून वकील म्हणून आम्ही एकच धडा घेतो. बांधावरच्या पहिल्या कुरबुरीची नोंद कागदावर नसेल, तर शेवटच्या दिवशी न्यायालय त्यामागची जात पाहत नाही.

म्हणून आता अॅट्रॉसिटी कायद्याकडे येऊ. १९८९ च्या मूळ कायद्यात दलित-आदिवासींच्या जमिनीच्या उपभोगात अडथळा आणणे हा गुन्हा होताच. २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि कलम ३(१)(जी) मध्ये स्पष्ट शब्द आले, की पिके नष्ट करणे किंवा उत्पन्न काढून नेणे हाही अत्याचार आहे. त्याच्या आधीच्या कलम ३(१)(एफ) मध्ये, जिथे जमीन बळकावण्याचा गुन्हा सांगितला आहे, तिथे मालकीच्या जमिनीबरोबर ताब्यातील जमिनीचाही उल्लेख आहे. म्हणजे सातबारा नाही म्हणून दरवाजा बंद होत नाही, ताबा सिद्ध करावा लागतो. २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८-अ सांगते, की गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आहे. आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ आहे.

मात्र आमच्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. शेजाऱ्याचे प्रत्येक सुटलेले जनावर म्हणजे अत्याचार नव्हे. ५ नोव्हेंबर २०२० रोजी हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन पक्षांतला जमिनीचा वाद केवळ एक पक्ष अनुसूचित जातीचा आहे म्हणून अत्याचाराचा गुन्हा ठरत नाही, आणि चार भिंतींच्या आत झालेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला धरता येत नाही. बैल खरोखर दावे तोडून आला असेल, मालक येऊन भरपाई देत असेल, तर ती घ्यावी, दोन ओळींची लेखी पावती करावी आणि विषय संपवावा. ज्या दिवशी आपण चुकून आलेल्या बैलासाठी हा कायदा वापरू, त्या दिवशी मुद्दाम सोडलेल्या बैलासाठी तो बोथट होईल. या कायद्याविरुद्ध मोर्चे काढणारे त्या दिवसाची वाटच पाहत आहेत.

मग हेतू सिद्ध कसा करायचा? इथे वकिलापेक्षा शेतकऱ्याचे काम मोठे आहे, आणि ते त्याच दिवशी करायचे काम आहे. पहिल्या वेळीच तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आणि ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पंचनामा मागावा. त्यात गट नंबर, पीक, किती गुंठे तुडवले, गुरे किती, कोणत्या बाजूने आली, कुंपण मोडलेले की काढलेले, नुकसान किती रुपयांचे, हे सर्व लिहून घ्यावे. पंच म्हणून केवळ आपल्या वस्तीतले नव्हेत, तर शेजारचा दुसऱ्या समाजाचा माणूस तयार असेल तर तो घ्यावा. मोबाईलवर फोटो काढावेत, खुरांचे ठसे, मोडलेले काटे, जनावरांच्या शिंगांचा रंग, कानातला बिल्ला, सर्व. दुसऱ्यांदा झाले तर दुसरा अर्ज, त्यात पहिल्याचा उल्लेख. तीन अर्जांच्या तीन पोच हातात असतील तर 'जनावर सुटले' हे उत्तर टिकत नाही. एकच जनावर एकाच शेतात तीनदा आपोआप सुटत नसते.

गायरान कसणाऱ्यांनी गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा, भरलेल्या दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, सारे एका पिशवीत जपून ठेवावे. दंडाची पावती म्हणजे सरकारनेच दिलेला ताब्याचा पुरावा आहे. पावसात भिजू देऊ नका!

जनावरे धरली तर ती मारू नयेत, उपाशी ठेवू नयेत, चोवीस तास घरी बांधूनही ठेवू नयेत. साक्षीदार घेऊन कोंडवाड्यात न्यावीत. कोंडवाडा नसेल तर ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला तसे लेखी कळवून त्यांच्याच दारात उभी करावीत. नाही तर चोरीचा उलटा आळ ठरलेला. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करावा.

आणि आता आपल्या बाजूचे बोलू, कारण ज्या कायद्याने आपण न्याय मागतो तो आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्त्यांत जमीन थोडी आणि शेळ्या अनेकांकडे आहेत. शेळी ही गरिबाची गाय, आमच्या आया-बहिणींचा अडीनडीचा आधार. पण तिच्या तोंडाला तूर, कपाशी, लिंबोणी काहीही चालते. दुसऱ्याच्या पिकात आपली शेळी गेली तर आपणही जाऊन चूक कबूल करावी, भरपाई द्यावी. मात्र शेळी पिकात गेली म्हणून कोणी आमच्या बाईला मारहाण करील, तिचे केस ओढील, तिची शेळी कापून खाईल, तर तो नुकसानीचा वाद राहत नाही, तो गुन्हा होतो आणि तो गुन्हा म्हणूनच नोंदवला पाहिजे.

कुत्र्याचेही तसेच. शेतावर राखणीला ठेवलेली कुत्री बकऱ्या फाडतात, रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलांवर धावतात. कुत्रा कोंडवाड्याच्या कायद्यात येत नाही. १८७१ च्या त्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, शेळी-मेंढी आहे, कुत्रा नाही. पण पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका असताना मालकाने काळजी घेतली नाही, तर न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. बकरी मेली तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून दाखला घ्यावा, तो भरपाईच्या दाव्यात लागतो. रागाच्या भरात विष घालणे, बैलाच्या पायावर कुऱ्हाड घालणे हा मार्ग मुळीच नाही. कलम ३२५ खाली जनावर मारण्याला, जायबंदी करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जनावर गाय असेल तर वस्तीवर काय येऊ शकते, हे ११ जुलै २०१६ च्या ऊनाने दाखवले आहे. तिथे तर मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्यांना मारले होते. शिवाय, पंचशीलाचे पहिलेच शील आपण रोज म्हणतो. मुक्या प्राण्याने आपले काही वाईट केलेले नसते, वाईट केलेले असते ते त्याच्या मालकाने.

गावात अशा वादांसाठी तंटामुक्तीचा रस्ता सांगितला जातो. १५ ऑगस्ट २००७ रोजी शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तंटे गावातच मिटावेत, कोर्टकचेऱ्यांचा खर्च वाचावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण ज्या समितीत आपला एक माणूस आणि तोही सालदार, तिथे 'मिटवणे' म्हणजे कोणी गिळणे, हे ठरलेलेच असते. गावाला बक्षीस मिळावे म्हणून आमच्या तक्रारी मागे घ्यायला लावायच्या आणि वर गाव तंटामुक्त म्हणून कमान उभारायची! समेटाला आमचा विरोध नाही. समेट बरोबरीच्यांत होतो. नुकसानीचा आकडा लिहिला, तो भरला, पुन्हा गुरे सोडणार नाही असे लेखी दिले, तर तो समेट. नुसता हात मिळवून फोटो काढला तर ती शरणागती. आणि अत्याचाराचा गुन्हा हा आपसात मिटवण्याचा गुन्हाच नाही, हे समितीच्या अध्यक्षांना ठणकावून सांगावे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे एकांगी होईल. मोकाट गुरांचा त्रास आज केवळ आपल्यालाच नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोहत्येबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. भाकड जनावर पूर्वी बाजारात विकले जाई आणि त्या पैशात शेतकरी नवे घेई. आता ते कोणी घेत नाही, पोसायला चारा नाही, मग दावे सोडून द्यायचे. २०१९ च्या पशुगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक मोकाट गुरे मोजली गेली. ती रात्री ज्याच्या पिकात शिरतात तो कुणबी असतो, माळी असतो, मुसलमान असतो, बौद्ध असतो. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारा धनगर चराईसाठी मार खातो, त्याचे कुरण कोणी खाल्ले? गायरान आमच्या दोन एकरांनी संपले नाही. ते कारखान्यांनी, संस्थांनी, प्रकल्पांनी संपवले. त्या लहान शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला हे समजावून सांगणे हे आंबेडकरी कार्यकर्त्याचे काम आहे. त्याची गुरे आमच्या अंगावर सोडणारे आणि त्याचे कुरण गिळणारे पुष्कळदा एकच असतात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, गावचा कोंडवाडा दुरुस्त करून चालू करा, रखवालदार नेमा, दंडाचे दर फलकावर लावा. दोन, गायरानाची मोजणी करून कोणाकडे किती आहे त्याची यादी जाहीर करा, सर्वांची, संस्थांची आणि पुढाऱ्यांचीसुद्धा! ठराव फेटाळला तर फेटाळल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. तीही उद्या कामाला येते. तालुक्याच्या ठिकाणी जे बौद्ध वकील आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून या कागदांच्या पिशव्या तपासून द्याव्यात. जयंतीच्या मिरवणुकीवर आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या दहाव्या हिश्शात गावातील गायरानधारकांच्या कागदपत्रांच्या नकला निघतात.

बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडा असे सांगितले, कारण त्या गावाचे खरे रूप त्यांनी जवळून पाहिले होते. ज्यांना सोडता आले ते गेले. जे राहिले आहेत, ते दोन एकरांच्या बळावर मान वर करून राहू पाहत आहेत. त्यांचे पीक वाचले तर ते टिकतील. ते उठले तर गावात आपल्या नावाची वस्ती उरेल, माणसे उरणार नाहीत. म्हणून पिकात शिरलेल्या गुरांची पहिली तक्रार लिहायला जो अडाणी बाप आपल्याकडे येईल, त्याला ढोरांचे भांडण म्हणून परत पाठवू नका. कागद घ्या, तारीख टाका आणि लिहायला बसा. जयभीम!